बांधावरचा ढीग

शेतात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळल्यावर हवेत किती मिथेन जातो, हे मोजण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे. हे कोणाला सांगितले, की समोरचा माणूस बहुधा 'म्हणजे गोबरगॅसच ना?' असे विचारतो, आणि वायू तोच असल्यामुळे मला होय म्हणावे लागते. फरक एवढाच, की गोबरगॅस बंद टाकीत जिवाणू तयार करतात आणि पाचटातला मिथेन अर्धवट जळण्यातून येतो. पाला तापला, की त्यातून जळाऊ वायू सुटतात; त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली, तर ते जाळात जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन जातात, आणि ती मिळाली नाही, तर कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि काजळी अशा अपुऱ्या रूपांतच बाहेर पडतात. हे मी अनेक अहवालांत स्वतः लिहिले होते. तरीही त्याचा अर्थ नीट ध्यानात आला तो वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात, फेब्रुवारीतल्या एका दिवशी आणि त्या दिवसाला जोडून आलेल्या रात्री.

आमच्या कामात एक आकडा कायम सोबत असतो, तो म्हणजे २.७. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या, २००६ च्या मार्गदर्शिकेत शेतातले पिकांचे अवशेष जाळण्यासाठी जे सरसकट गुणक दिले आहेत, त्यांनुसार एक किलो कोरडे अवशेष जळले, की २.७ ग्रॅम मिथेन, ९२ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ०.०७ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड हवेत जातो. ज्या देशांकडे स्वतःची पुरेशी मोजमापे नाहीत, त्यांनी हे गुणक वापरून आपला हिशेब मांडावा, अशी ती सोय आहे. त्यामुळे पंजाबातली भाताची पराळी असो की सांगलीतले उसाचे पाचट, आकडा एकच लागतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जगभरच्या मोजमापांच्या एका संकलनात मात्र पिकांच्या अवशेषांसाठी मिथेनचा आकडा किलोमागे ५.८ ग्रॅमच्या आसपास दिला आहे, म्हणजे दुपटीहून अधिक. यातला कोणताही आकडा खोटा नाही. ज्या आगी मोजल्या गेल्या, त्याच वेगवेगळ्या होत्या. आपल्याकडची आग यांपैकी कोणाच्या जवळ जाते, हे पाहण्यासाठी आम्ही सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात फिरत होतो.

या पट्ट्यात जाळायला पाचटाखेरीज फारसे काही उरत नाही, हेही सांगायला हवे. शाळूचा कडबा कोणी जाळत नाही, तो पैसे मोजून घ्यावा लागतो. भाताचा पेंढा जनावरे खातात. उसाचे वाडे, म्हणजे हिरवे शेंडे, तर तोडणीच्या टोळ्याच विकून टाकतात. राहते ते वाळलेले पाचट, हेक्टरी साधारण आठ ते दहा टन. उभा ऊस पेटवून तोडण्याचा प्रकार निराळा. त्या जळीत उसाच्या दरातून कारखाने कपात करतात, म्हणून शेतकरी तो शक्यतो टाळतो. आम्ही ज्या शेतात गेलो, तिथे ऊस हिरवाच तोडून नेलेला होता आणि खोडव्याची, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाची, तयारी करण्यासाठी खाली राहिलेले पाचट पेटवायचे होते. आमच्यासाठी म्हणून कोणाला आग लावायला सांगायचे नाही, हा आमचा पहिला नियम आहे. जो शेतकरी एरवीही जाळणारच आहे, त्याच्याकडेच आम्ही परवानगी मागतो, आणि तो ज्या पद्धतीने, ज्या वेळी जाळील, तसेच मोजतो.

कराडहून पहाटे निघून पेठनाक्यावर चहा घेऊन आम्ही सूर्य उगवायच्या सुमारास शेतावर पोचलो. मी, आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या मॅडम आणि गाडीचा चालक, असे तिघे होतो. काठावर धुके होते आणि पाचटावर दव इतके होते, की बूट घोट्यापर्यंत ओले झाले. आग लागण्याआधी साध्या हवेतला मिथेन मोजून ठेवावा लागतो, कारण धुरातल्या आकड्यातून तो वजा करायचा असतो. आज जगभरच्या हवेत मिथेनचे प्रमाण दहा लाख भागांत दोन भागांच्या जरासे खाली आहे, म्हणजे औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या अडीचपटीहून अधिक. आमच्या यंत्राने मात्र पहिल्याच दहा मिनिटांत त्याहून बराच चढा आकडा दाखवायला सुरुवात केली, आणि तो स्थिरही राहीना. मी नळीचे सांधे तपासले, पंप तपासला, प्रमाणित वायूची टाकी जोडून यंत्राची पारख पुन्हा केली. यंत्र ठीक होते. मॅडमनी शेवटी विचारले, "वारा कुठून येतोय?" वारा जवळपास नव्हताच, होती ती थंड, जमिनीला चिकटलेली हवा, आणि तिच्या वरच्या अंगाला शेतमालकाचा गोठा होता. दोन म्हशी, एक रेडी आणि शेजारी उकिरडा. आम्ही सगळे सामान उचलून दोन शेते ओलांडून गेलो, तेव्हा आकडा जाग्यावर आला. सकाळचा तास-दीड तास वाया गेला म्हणून मी वैतागलो होतो. दुपारी त्याच म्हशी माझ्या हिशेबात परत येतील, अशी कल्पना नव्हती.

शेतमालकांना सगळे अण्णा म्हणत होते, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. रान चाळीस गुंठ्यांचे, म्हणजे बरोबर एकराचे होते. आम्ही एक मीटर लांबी-रुंदीची लोखंडी चौकट ठिकठिकाणी टाकून तिच्यातले पाचट गोळा केले, वजन केले आणि ओलावा काढण्यासाठी पिशव्यांत भरले. सरीच्या वरच्या थरातले पाचट नऊ-दहा वाजेपर्यंत कुरकुरीत वाळले, पण पाटाच्या बाजूला, जिथे पाणी पाझरत होते, तिथले खालून काळसर, ओलसर आणि कुजायला लागलेले होते. हे मी वहीत टिपले आणि त्यापुढे त्याचा विचार केला नाही.

जाळण्याविषयी अण्णांच्या मनात काही संकोच असावा, कारण न विचारताच ते कारणे सांगू लागले. "पाचाट ठेवलं तर पाटाचं पानी पुढं सरकत न्हाई, साहेब. एका सरीत तुंबतंय आन् दुसरी कोरडीच ऱ्हातीय. उंदरं होत्यात, त्यांच्या मागं साप येतोय. बाया खुरपायला उतरत न्हाईत. कुट्टीचं यंत्र गावात एकच. माझी पाळी येईस्तवर फुटवा वर आलेला असतोय, मग त्यावर यंत्र कसं घालू?" यातले प्रत्येक कारण खरे होते. पाचट जाळू नका, असे सांगणारा फलक कार्यालयाच्या भिंतीवर लावणे सोपे असते. ऊस गेल्यावर पंधरवड्याच्या आत बुडखे छाटून, खत देऊन, पाणी सोडून खोडवा फोडायचा असतो, आणि त्या पंधरवड्यात माणूस मिळत नाही, ही अडचण फलकावर मावत नाही. त्यांच्या पुतण्याने मात्र शेजारच्या दहा गुंठ्यांत एकाआड एक सरीत पाचट दाबून ठेवले होते. अण्णांच्या बोलण्यात त्याबद्दल थट्टाही होती आणि थोडी उत्सुकताही.

पूर्वेच्या बाजूला शेजाऱ्याचा उभा ऊस होता आणि दुपारी वारा पश्चिमेकडून सुटतो, म्हणून अण्णांनी आधी चारी बाजूंनी दोन-दोन हात रुंदीचा पट्टा मोकळा केला. दाताळ्याने ओढलेले ते पाचट, त्यात मिसळलेले हिरवे वाड्याचे तुकडे, पाटाकडेची ओली पाती आणि थोडी मातीही, असे सगळे ईशान्येच्या कोपऱ्यात बांधावर जमा झाले. दोन बैलगाड्या भरतील एवढा तो ढीग असेल. आमच्या आराखड्यात तो ढीग नव्हता. आराखड्यात रान होते, त्याचे क्षेत्रफळ होते आणि चौकटींची वजने होती.

साडेअकराच्या सुमारास अण्णांनी आधी पूर्वेच्या कडेला काडी लावली. वाऱ्याच्या उलट दिशेने जाळ हळूहळू आत सरकला आणि उभ्या उसाजवळ पुरेसा काळा पट्टा तयार झाल्यावर त्यांनी पश्चिमेकडूनही पेटवले. नंतर जे झाले, ते पाहण्यासारखे होते. वाऱ्याच्या मागे लागलेला जाळ माणसाच्या उंचीहून वर गेला, तडतड आवाजाने बोलणे ऐकू येईना, आणि काळी पापुद्र्यासारखी राख उंच जाऊन नदीच्या दिशेने तरंगत निघाली. बांबूला बांधलेली आमची नळी मी धुराच्या लोटात धरली होती आणि मॅडम गाडीजवळच्या पडद्यावर पाहत होत्या.

इथे मोजण्याची रीत थोडक्यात सांगतो. सगळा धूर पकडता येत नाही आणि पकडण्याची गरजही नसते. डेअरीत दुधाची फॅट काढताना घागरभर दूध कोणी तपासत नाही, वाटीभर पुरते. तसेच इथे आहे. पाचटातला कार्बन जळून ज्या ज्या रूपांत हवेत जातो, त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण धुराच्या थोड्याशा नमुन्यातूनही कळते, आणि पाचटातला एकूण कार्बन प्रयोगशाळेत काढता येत असल्यामुळे किलोमागे मिथेन किती, हे ताळेबंद मांडून निघते. जळणे किती चांगले झाले, हेही त्याच आकड्यांतून दिसते: कार्बन डायऑक्साइड आणि मोनॉक्साइड यांच्या बेरजेत डायऑक्साइडचा वाटा जितका मोठा, तितका जाळ स्वच्छ. भडकलेल्या आगीत हा वाटा ९५ टक्क्यांच्या वर जातो, धुमसणाऱ्या आगीत तो ८० टक्क्यांच्या आसपास घसरतो.

त्या दुपारी डायऑक्साइडची रेषा पडद्यावर उंच उडी घेत होती आणि मिथेनची रेषा जेमतेम हलत होती. पंचवीस मिनिटांत रान काळे झाले. आमची पहिली समजूत अशी झाली, की आपल्याकडचे कोरडे पाचट, फेब्रुवारीचे ऊन आणि दुपारचा वारा असेल, तर मार्गदर्शिकेतला २.७ हा आकडा फारसा चुकीचा नाही, किंबहुना थोडा जास्तच असेल. एका दिवसाच्या मोजणीवरून आकडे छापायचे नसतात, म्हणून ते इथे देत नाही; पण आम्ही खूश होतो, एवढे खरे. जाता जाता अण्णांनी बांधावरच्या ढिगालाही काडी लावली. तो नीट पेटेना. थोडा पांढरा धूर निघाला, आणि आम्ही जेवायला गेलो.

जेवताना अण्णांनी साहजिकच विचारले, की मग आमच्या रानातून किती गेला. मी वहीच्या मागच्या पानावर मार्गदर्शिकेप्रमाणे हिशेब मांडला. उसासाठी हेक्टरी ६.५ टन कोरडे अवशेष जळतात असे तिथे धरले आहे, एकराला ०.४ हेक्टर धरले, तर २.६ टन, त्याला किलोमागे २.७ ग्रॅमने गुणले, की ७ किलो मिथेन. शंभर वर्षांचा काळ धरला, तर एक किलो मिथेन २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, म्हणजे हे ७ किलो सुमारे २०० किलोंच्या बरोबरीचे. अण्णांनी खिडकीतून गोठ्याकडे पाहिले आणि विचारले, "आन् म्हैस किती सोडती?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, पण उत्तर त्याच मार्गदर्शिकेत होते. आपल्या उपखंडातल्या म्हशीसाठी रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा सरसकट आकडा वर्षाला ५५ किलो आहे. अण्णांनी पापणी न हलवता भागाकार केला. "म्हंजे माझी एक म्हैस दीड म्हैन्यात सोडती तेवढा. आन् त्यासाठी तुमी कराडास्नं पाचला उठून आलासा?"

पुतण्या हसला, मॅडमही हसल्या. मला हसू आले नाही, कारण ते बरोबर होते. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या २०१६ च्या हिशेबात शेतीक्षेत्राच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा जनावरांच्या रवंथाचा आहे, त्याखाली खते आणि भातशेती येतात, आणि शेतात अवशेष जाळण्याचा वाटा सुमारे दोन टक्के आहे. आपल्या विषयाचे महत्त्व फुगवून सांगण्याचा मोह प्रत्येक संशोधकाला होतो, मलाही झाला. पण ज्या माणसाच्या ताटातली भाकरी खातो आहोत, त्याला खोटे सांगणे जमले नाही.

मी त्यांना म्हटले, "अण्णा, मिथेनपुरते तुमचे खरे आहे. पण मिथेन एकटा जात नाही." त्याच २.६ टन पाचटातून मार्गदर्शिकेप्रमाणे सुमारे २४० किलो कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याचे मिथेनशी असलेले नाते फारसे कोणी सांगत नाही. हवेत हायड्रॉक्सिल नावाचा एक अतिशय अल्पायुषी घटक असतो. मिथेनला हवेतून नाहीसे करण्याचे बहुतेक काम तोच करतो. कार्बन मोनॉक्साइडलाही तोच संपवतो आणि त्यात स्वतः खर्च होतो. मोनॉक्साइड वाढला, की मिथेनच्या वाट्याचा हायड्रॉक्सिल कमी पडतो आणि गोठ्यातून, भातखाचरातून, कुठूनही आलेला मिथेन हवेत जरा जास्त काळ टिकतो. एरवी त्याचे आयुष्य साधारण बारा वर्षांचे असते. अण्णांना हे पटले की नाही, कळले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की मग एवढा कार्बन डायऑक्साइड गेला तो का नाही धरला. तो धरत नाहीत, कारण उसाने तो वर्षभरात हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढचा खोडवा तो पुन्हा घेणार असतो. हे त्यांना चटकन पटले. उधार-उसनवारीचा हिशेब शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

त्यांना खरोखर अस्वस्थ केले ते नत्राने. हेक्टरभर पाचटातून ४० ते ५० किलो नत्र मिळते असे आपल्याकडे धरतात. एकराला ते १६ ते २० किलो होते. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत ४६ टक्के नत्र असते, म्हणजे पावणेएकवीस किलो. पालाश बहुतेक राखेत राहतो, पण नत्र जाळाबरोबर जाते. "म्हंजे गोणीभर युरिया पेटवला म्हणा की," असे अण्णा म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले. पुतण्या आता हसत नव्हता. तो चुलत्यांकडे पाहायचे टाळत होता.

पाच वाजता आम्ही सामान गाडीत भरले. सूर्य खाली गेला होता, वारा पडला होता आणि नदीकडून गारवा येऊ लागला होता. निरोप घ्यायला घरात गेलो, तेव्हा अण्णांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या आजी, पदर नाकाला लावून उंबऱ्यात बसल्या होत्या आणि खोकत होत्या. मी विचारले, "आजी, दुपारच्या धुराचा त्रास झाला का?" त्या म्हणाल्या, "न्हाई रं लेकरा. दुपारचा धूर देवाच्या घरी गेला. ह्यो आमच्या घरी यतोय." आणि त्यांनी हाताने बांधाकडे दाखवले.

ढीग अजून धुमसत होता. जाळ कुठेच नव्हता. कडेच्या फटींतून दाट, पिवळसर पांढरा धूर सरपटल्यासारखा बाहेर येत होता आणि वर न जाता, गुडघाभर उंचीवर थर धरून घराकडे सरकत होता. दुपारी आगीच्या धगीने धूर शेकडो फूट उचलला होता. इथे उचलायला धग नव्हती, आणि संध्याकाळी जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार हवेखाली अडकत होती. पहाटे म्हशींचा श्वास ज्या हवेने आमच्या नळीपर्यंत आणून दिला होता, तीच हवा आता ढिगाचा धूर आजींच्या उंबऱ्यापर्यंत नेत होती.

मॅडम काही बोलल्या नाहीत; त्यांनी गाडीचे मागचे दार उघडले. नळी पुन्हा जोडली. पहिल्या दहा मिनिटांत गाळणी डांबरासारख्या चिकट थराने बंद झाली, ती बदलली. रात्रीत अशा चार गाळण्या गेल्या आणि बॅटरी संपल्यावर अण्णांच्या पडवीतून वायर ओढावी लागली. पडद्यावरचे चित्र दुपारच्या अगदी उलटे होते. डायऑक्साइडची रेषा मंदपणे वर गेलेली होती, आणि मोनॉक्साइड व मिथेन तिच्याबरोबर चढले होते. डायऑक्साइडच्या तुलनेत मिथेनचे प्रमाण दुपारच्या जाळाच्या कितीतरी पट होते. पाचट तेच, रान तेच, दिवसही तोच. ढिगाच्या पोटात ओलावा होता, तो आधी उकळून जाण्यात धग खर्च होत होती. वर माती आणि हिरवी पाती दाबून बसली होती, त्यामुळे हवा आत शिरत नव्हती. पाला तापून त्यातून सुटणारे वायू न जळताच बाहेर पडत होते. आम्ही दुपारी जी पंचवीस मिनिटे मोजून खूश झालो होतो, ती या आगीची दर्शनी बाजू होती. ढीग मात्र पहाटेपर्यंत आणि नंतर दिवसभर चालणार होता. पाचटाच्या एकूण वजनात ढिगाचा वाटा लहान होता, पण किलोमागचा मिथेन इतका जास्त असला, की लहान वाटाही एकरी सरासरी वर खेचू शकतो, आणि २.७ व ५.८ यांच्यातले अंतर कुठे दडलेले असू शकते, हे मला त्या धुरात डोळे चोळताना दिसले.

रात्री दीडच्या सुमारास आजी पुन्हा खोकत बाहेर आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "अरं, त्यो फोड की. इस्तू आत कोंडून ठिवलाय." अण्णा पाणी ओतायच्या बेतात होते. आजींनी नको म्हटले. पाण्याने आणखीच धूर होतो, हे त्यांना चुलीवरून ठाऊक होते. अण्णांनी दाताळे घेतले आणि ढीग उपसून पसरायला सुरुवात केली. आतला लालभडक गाभा उघडा पडताच त्याला हवा मिळाली आणि क्षणात जाळ उठला. मी यंत्राकडे धावलो. मिथेनची रेषा, जी संध्याकाळपासून वरच रेंगाळत होती, ती मिनिटाभरात खाली आली, आणि डायऑक्साइड वर उसळला. प्रयोगशाळेत असा प्रयोग रचायचा म्हटला असता, तर मला आठवडा लागला असता. जो भाग वाळलेला होता, तो अर्ध्या तासात जळून गेला. जो ओला होता, तो अण्णांनी जळालेल्या रानातल्या सरीत फेकून दिला आणि धूर थांबला. आजी आत जाऊन झोपल्या. आम्ही पडवीत बसून राहिलो, कारण अंगाच्या वासाने गाडीत बसवेना.

सकाळी पुतण्याने आम्हाला त्याचे दहा गुंठे दाखवले. पाचटाखालची माती हाताला गार आणि ओलसर लागत होती. उघड्या सरीत ती भेगाळली होती. तिथेही आम्ही मिथेन मोजावा का, असा प्रश्न त्याने विचारला, आणि तो योग्य होता. निचरा होणाऱ्या रानात, हवा खेळत असताना कुजणाऱ्या पाचटातून मिथेन निघण्याचे फारसे कारण नसते. मात्र हाच सल्ला डोळे मिटून सगळीकडे देता येत नाही. पाणी साचलेल्या भातखाचरात ताजा पेंढा गाडला, तर मिथेन वाढतो, हे अनेक देशांत मोजून झालेले आहे. पाटण-जावळीच्या डोंगरपट्ट्यात तर भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, पालापाचोळा आणि शेण अंथरून जमीन भाजतात, आणि ती आग मुद्दामच मंद, धुमसती ठेवलेली असते. तिचा धूर कोणत्या गुणकाने मोजायचा, हा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरतो आहे.

आमच्या नोंदीच्या नमुन्यात 'जळण्याची पद्धत' या रकान्यात तेव्हा दोनच पर्याय छापलेले होते: उभे पीक आणि पसरलेले अवशेष. मी पानाच्या पाठीमागे हाताने लिहिले: बांधावरचा ढीग, ओला, मातीमिश्रित, दुपारी सव्वाबारा ते रात्री दोन, उपसल्यावर जाळ. मॅडमनी शेजारी सही केली. पुढच्या हंगामात नमुन्यात तिसरा पर्याय छापून आला, आणि आता कोणत्याही शेतावर गेलो, की क्षेत्रफळ विचारण्याआधी आम्ही कडेचे पाचट कुठे टाकणार, हे विचारतो.

त्या वर्षी खोडवा तुटल्यावर अण्णांचा फोन आला. पुतण्याच्या सांगण्यावरून त्यांनी निम्म्या रानात पाचट ठेवले होते आणि निम्म्यात जाळले होते. कडेला ढीग मात्र लावला नव्हता, ओढलेले सगळे पाचट सरीतच दाबले होते. 'आईनं लावू दिला न्हाई,' असे ते म्हणाले. आम्हाला ढीग मोजायचाच होता, म्हणून तो पुढे दुसऱ्या गावात शोधावा लागला.